पकड एकट्याची नसते : प्रस्तावना

धान कापून झालं, बांध्या कोरड्या पडल्या की चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत दोन गोष्टींचे मांडव पडतात. एक नाटकाचा, दुसरा कबड्डीचा. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांवर बरंच लिहून झालं आहे आणि ते व्हायलाच हवं होतं. कबड्डीच्या वाट्याला मात्र बक्षिसाची रक्कम आणि उद्घाटकांची नावं यापलीकडे शाई येत नाही. कोण जिंकलं ते कळतं. कसं जिंकलं याची चर्चा दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर सुरू होते आणि तिथेच संपते.

हे पुस्तक त्या ‘कसं’विषयी आहे. विषय मुद्दाम आखडून घेतला आहे. महाविद्यालयीन कबड्डी, तीही गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेतली, त्यात बचाव, आणि बचावातही अंगापिंडाने मोठा खेळाडू. नागपूर विद्यापीठातून वेगळं होऊन २०११ मध्ये गडचिरोलीत हे विद्यापीठ उभं राहिलं, तेव्हापासून या दोन जिल्ह्यांतल्या मुलामुलींना स्वतःचा विद्यापीठ संघ आहे. त्याआधी नागपूरच्या निवडचाचणीत गर्दीतला एक म्हणून उभं राहावं लागे. संघ मिळाला, पण संघ निवडायची रीत जुनीच राहिली. ज्याचे चढाईचे गुण जास्त तो आधी, ज्याच्या पकडी डोळ्यात भरल्या तो त्यानंतर, आणि उरलेल्या जागा ओळखीपाळखीने किंवा वजनाने. माझं म्हणणं एवढंच आहे की कबड्डीतला बचाव एकेका खेळाडूवरून जोखता येत नाही. तो जोडीवरून जोखावा लागतो, आणि दांडगा खेळाडू तर विशेष करून.

नवख्या वाचकासाठी आधी मैदान. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, मध्यरेषेने दुभागलेलं. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा, तिच्या एक मीटर पुढे बोनस रेषा. चढाई ३० सेकंदांची. समोर सहा किंवा सात रक्षक असतील तरच बोनस मिळतो. तीन किंवा त्याहून कमी रक्षक उरले असताना पकड झाली तर ती अव्वल पकड, म्हणजे एकाऐवजी दोन गुण. सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाईपटू बाद. सगळा संघ बाद झाला की लोण, त्याचे दोन गुण वेगळे.

यात एक गोष्ट दिसायला साधी आहे, पण सगळा पेच तिच्यातून निघतो. बाद झालेला गडी परत येतो. पूर्वी हा खेळ तीन तऱ्हांनी खेळला जाई. संजीवनीत प्रतिस्पर्ध्याचा गडी टिपला की आपला एक गडी जिवंत होई. गामिनीत बाद झालेला गडी अख्खा संघ संपेपर्यंत बाहेर बसे. अमरमध्ये कोणी बाहेर जातच नसे, नुसते गुण मोजले जात. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत महाराष्ट्रात आणि बडोद्यात नियमांची घडी बसत गेली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचं प्रात्यक्षिक दाखवलं. वैदर्भीय माणसाने हे सांगताना थोडी छाती फुगवली तर चालावं. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना झाली, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाली. या वाटेवर संजीवनीची रीत टिकली. अमरची टिकली असती तर या पुस्तकाची निम्मी पानं लिहावीच लागली नसती, कारण सात उतरले की सातच शेवटपर्यंत उभे राहिले असते.

आता हिशेब पाहा. संघात बारा जण. बारातून सात निवडायच्या जोडण्या होतात ७९२. प्रशिक्षकाचं डोकं इथेच गरगरतं, पण खरी अडचण पुढे आहे. सात ठरले, उतरले, आणि पहिल्या पाच मिनिटांत दोन बाद. मग समोरच्याला तोंड द्यायला पाच आहेत, आणि ते कोणते पाच हे प्रशिक्षकाने ठरवलेलं नाही, प्रतिस्पर्ध्याच्या चढाईपटूने ठरवलं आहे. एका सातातून मैदानावर उरू शकणारे वेगवेगळे गट १२७. बाद झालेले परत येतात तेही बाद झालेल्या क्रमानेच. हवा तो गडी आधी उठवता येत नाही. म्हणजे ‘आमचा सात’ ही गोष्ट सामन्याच्या सुरुवातीला आणि लोणानंतर तेवढी खरी असते. मधला सगळा वेळ कधी चार, कधी पाच, कधी तीन. सराव मात्र आपण सातांचाच करतो.

हीच अडचण वेगळ्या रूपात बास्केटबॉलवाल्यांना पडली होती, आणि त्यांनी तिच्यावर पन्नासेक वर्षं डोकं घासलं. तिथेही संघ बाराचा, मैदानावर पाच. गंमत म्हणजे बारातून पाच निवडायच्या जोडण्याही ७९२च होतात. उत्तर कॅरोलायना विद्यापीठाचे प्रशिक्षक डीन स्मिथ सामन्यामागे किती गुण झाले हे न पाहता चेंडूच्या दर ताब्यामागे किती झाले ते पाहत. वेगाने खेळणारा संघ जास्त गुण करतो आणि जास्त गुण देतोही. दर ताब्यामागे मोजलं की ही फसवणूक टळते. डीन ऑलिव्हर यांच्या ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ या २००४ च्या पुस्तकाने ही दृष्टी सर्वदूर नेली. पुढचं पाऊल म्हणजे अमुक पाच जण एकत्र असताना संघाने किती कमावलं आणि किती गमावलं, हे मोजणं. त्यात अनेकदा असा खेळाडू वर येतो, ज्याच्या नावावर गुणपत्रकात फारसं काही नसतं.

बिल रसेल यांचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. बोस्टन सेल्टिक्सकडून १३ हंगामांत ११ विजेतेपदं, आणि तीही मुख्यतः बचावाच्या जोरावर. समोरच्याचा फेक अडवणं ही त्यांची खासियत. पण ते १९६९ मध्ये निवृत्त झाले आणि अडवलेले फेक अधिकृतपणे मोजायला अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने सुरुवात केली १९७३-७४ च्या हंगामात. आपल्या आंतरमहाविद्यालयीन गुणपत्रकात आजही चढाईचा गुण, पकडीचा गुण, बोनस, लोण एवढंच असतं. पकडीत घोटा कोणी धरला, साखळीचा दुसरा हात कोणाचा होता, कोण उभा होता म्हणून चढाईपटू त्या बाजूला गेलाच नाही, यातलं काहीही कागदावर उतरत नाही.

दांडग्या खेळाडूबाबत दोन्ही खेळांचे नियम वेगळ्या दिशांनी गेले, आणि तो फरक मुळातून समजून घेण्याजोगा आहे. बास्केटबॉलने मोठ्या माणसाला थांबवायला जागा बदलली. ६ फूट १० इंच उंचीच्या जॉर्ज मायकन यांना बास्केटखाली कोणी हलवू शकेना, म्हणून १९५१ मध्ये तिथल्या व्यावसायिक लीगने बास्केटसमोरचा पट्टा ६ फुटांवरून १२ फूट रुंद केला. कबड्डीने मोठ्या माणसाला काट्यावर उभं केलं. वरिष्ठ पुरुष गटात ८५ किलो, महिलांत ७५. त्यावर गेलात तर घरी जा. त्यामुळे कबड्डीतला ‘मोठा’ म्हणजे अजस्र माणूस नव्हे. तो ८० ते ८५च्या मधला, खांद्याने रुंद, मांडीने भक्कम असा मुलगा. आणि त्याला त्या आकड्याच्या आत राहण्यासाठी सतत झगडावं लागतं.

इथे जरा थांबून सांगतो, कारण हे कुठल्याही डावपेचापेक्षा महत्त्वाचं आहे. वजनाच्या आदल्या दिवशी पाणी बंद करून, जाड कपडे घालून पळून, उपाशीपोटी बसचा प्रवास करून तीन-चार किलो उतरवणारी मुलं प्रत्येक स्पर्धेत दिसतात. काट्यावर ती पास होतात आणि पहिल्या सामन्यात विसाव्या मिनिटाला त्यांच्या पायात गोळे येतात. असा खेळाडू बचावात नसलेला बरा, कारण दमलेला रक्षक सर्वांत आधी संयम सोडतो आणि उतावळी पकड करतो. जो मुलगा नीट जेवून, नीट पाणी पिऊन ८५च्या आत बसत नाही त्याला या खेळात उभं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गोळाफेक आहे, कुस्ती आहे.

बचावाच्या परंपरा कोणत्या, तेही थोडक्यात पाहू. महाराष्ट्राची जुनी घडण मातीतली. अनवाणी पाय, खाली वाकलेलं शरीर, घोट्यावर झडप, हातात हात घातलेली साखळी आणि चढाईपटूला कोपऱ्याकडे ओढून नेण्याचा धीर. गिरणगावातल्या मंडळांनी ही शैली वाढवली, शंकरराव उर्फ बुवा साळवी यांच्यासारख्यांनी तिला संघटनेचं बळ दिलं. उत्तरेकडची, त्यातही हरियाणाची आणि सेनादलाची शैली ताकदीची : मांडी पकडून उचलणं, छातीने अडवणं, धडक देऊन थेट मैदानाबाहेर काढणं. इराणने यात कुस्तीचा पाया घातला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये जकार्तात या तिसऱ्या शैलीचा दणका सगळ्या देशाला बसला. १९९० पासून सलग सात सुवर्णपदकं जिंकलेला भारतीय पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून २७-१८ असा हरला, आणि दुसऱ्या दिवशी महिलांची अंतिम लढत इराणने २७-२४ अशी जिंकली. त्या इराणी महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. कौशल्य आपल्याच घरातलं होतं, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यावर या शैली एकाच मॅटवर एकमेकींना भिडल्या. प्रदीप नरवालने २०१७ च्या एकाच हंगामात चढाईचे ३६९ गुण केले ते बरेचसे डुबकीच्या जोरावर, म्हणजे उंच, दांडग्या मध्यरक्षकांच्या साखळीखालून सुळकन निघून. मोठ्या शरीराचं भय खालून जाणाऱ्याला वाटत नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. उलट बाजूने फझल अत्राचली या इराणी डाव्या कोपरारक्षकाने दाखवलं की भक्कम शरीर कोपऱ्यातही चपळ असू शकतं. पण माझ्या मते या लीगमधला सर्वांत शिकण्यासारखा धडा सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर या कोपऱ्यांच्या जोडीचा आहे. यू मुम्बा, बेंगळुरू बुल्स, हरियाणा स्टीलर्स असे संघ बदलत गेले, जोडी तीच राहिली. मालकांनी पैसे मोजले ते दोन खेळाडूंसाठी नव्हे, त्या दोघांमधल्या समजुतीसाठी.

आता मूळ प्रश्न : दांडगा मुलगा कोपऱ्यात ठेवायचा की मध्ये? रूढ उत्तर मध्ये, कारण धडक आणि अडवणूक तिथून होते आणि पाठलाग कमी करावा लागतो. हे उत्तर चूक नाही, अपुरं आहे. मध्यरक्षकाची धडक तेव्हाच लागते, जेव्हा कोपऱ्याने चढाईपटूचा पाय आधी अडकवलेला असतो. कोपरा कच्चा असेल तर धडक हवेत जाते आणि चढाईपटू दोघांना शिवून परततो. म्हणून ८४ किलोच्या मध्यरक्षकाची किंमत त्याच्या शेजारच्या ६५ किलोच्या कोपरारक्षकावर ठरते. बास्केटबॉलमध्ये उंच खेळाडूला मागे, बास्केटपाशी थांबवतात. मधल्या अंतरावरून फेक मारायचा तर मार म्हणतात, पण खालचा सोपा गुण देत नाहीत. आपल्याकडे याला समांतर म्हणजे बोनस सोडणं. बोनसचा एक गुण जातो, पण गडी कोणी बाद होत नाही. स्पर्शाने गुणही जातो आणि माणूसही. जड रक्षकाने बोनस वाचवण्यासाठी पुढे झेप घेणं हा बहुतेक वेळा तोट्याचा सौदा असतो.

अव्वल पकडीने हा हिशेब पुन्हा उलटा होतो. समजा फसलेल्या पकडीत दर वेळी एकच गडी जातो. सात जण असताना पकडीचा एक गुण, फसली तर एक गुण. म्हणजे निम्म्या पकडी तरी यशस्वी व्हायला हव्यात. तिघेच उरले असताना यशाचे दोन गुण, अपयशाचा एक. तीनपैकी एक पकड लागली तरी हिशेब जुळतो. लोणाचा धोका त्यात धरायलाच हवा, तरीही तीन जणांनी घाबरून मागे सरकत राहणं हे आपल्या महाविद्यालयीन संघांचं जुनं दुखणं आहे. त्या तिघांत एक दांडगा आणि त्याच्या सवयीचा एक साथीदार असेल, तर सामना तिथेच फिरतो. म्हणून दांडग्या मुलाला पहिल्या पाच मिनिटांत बाद होऊ न देणं, हा मला स्वतंत्र डावपेच वाटतो.

हे सगळं कुठेही लागू पडेल. या दोन जिल्ह्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. गावोगावच्या स्पर्धा अनेक ठिकाणी किलो गटांत होतात. त्यामुळे वजनाने भरलेला पोट्टा गावच्या संघात बसतच नाही आणि खुल्या गटाची वाट पाहत बाकावर वाढतो. तो महाविद्यालयात येतो तेव्हा शरीर तयार असतं, खेळलेले सामने मोजकेच असतात. त्यात तो मातीवरून एकदम मॅटवर येतो. मॅटवर बूट घालावे लागतात, पायाला पकड मिळते, धडकेला जोर येतो. पण मातीवरची घोट्यावरची झडप तशीच घेतली तर कोपर आणि गुडघे सोलवटून निघतात. हे जुळवून घ्यायला वेळ हवा आणि वेळच नसतो. पावसाळ्यात भामरागडचा रस्ता पर्लकोटेच्या पुरात बंद, पाणी उतरलं की परीक्षा, मग धानकापणी. सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडे वाघाच्या भीतीने अंधार पडायच्या आत सराव गुंडाळावा लागतो. पुण्या-मुंबईच्या प्रशिक्षणग्रंथांत या अडचणीवर अजून प्रकरण आलेलं नाही.

शिवाय अंतर. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर. चंद्रपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, आरमोरी, अहेरी इथली मुलं विद्यापीठ संघात निवडली जातात आणि पश्चिम विभागीय स्पर्धेआधी जेमतेम काही दिवस एकत्र येतात. तेवढ्यात सात अनोळखी मुलांची फळी उभी राहत नाही. आपण मात्र बारा ठिकाणांहून बारा उत्तम गडी उचलण्याचा हट्ट धरतो. त्यापेक्षा एकाच महाविद्यालयातून, जमलं तर एकाच गावातून, वर्षानुवर्षं शेजारी उभं राहिलेल्या कोपरा-मध्य जोड्या अखंड उचलाव्यात. त्यात एखादा थोडा कमी ताकदीचा आला तरी चालेल. मोठ्या शहरांच्या विद्यापीठांना रोजचा सराव आहे. आपल्याकडे गावाने घडवलेल्या जोड्या आहेत, आणि आपण त्या निवडीच्या टेबलावर तोडतो.

हा विषय आजच का, याला एक रोकडं कारण आहे. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि गडचिरोलीत पोलीस भरतीची तयारी न करणारं घर शोधावं लागेल. विद्यापीठ संघाचं प्रमाणपत्र हा इथे भिंतीवर टांगायचा कागद नसतो. त्या कागदासाठीची निवड डोळ्याच्या अंदाजावर होत असेल तर तो अन्याय आहे, आणि तो बहुतेक वेळा शांतपणे बचाव करणाऱ्या मुलावर होतो.

पुस्तकाचा आवाका सांगून टाकतो. हे संगणकाचं पुस्तक नाही. शंभर पानी वही आणि गुणलेखकाशेजारी बसणारा एक विद्यार्थी एवढ्यावर यातली सगळी पद्धत चालते. दर चढाईला समोर कोण कोण उभे होते, पहिला हात कोणाचा, दुसरा कोणाचा, निकाल काय, इतकंच लिहायचं. आकड्यांवर फार भार टाकू नये, हेही आत पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. ४० मिनिटांच्या सामन्यात प्रत्येक चढाई पूर्ण वेळ चालली तर दोन्ही संघांच्या मिळून ८० होतात. बाद फेरीच्या स्पर्धेत एखादा संघ दोन सामन्यांत घरी जातो. एवढ्या नोंदींवरून सातांच्या फळीविषयी काही ठामपणे सांगणारा माणूस थापा मारतो आहे असं समजावं. जोडीविषयी मात्र काही सांगता येतं, कारण तीच जोडी चारांत, पाचांत, सातांत पुन्हा पुन्हा दिसते.

महिलांच्या खेळाला या पुस्तकात हवी तेवढी जागा मिळालेली नाही. त्यांचं मैदान १२ बाय ८ मीटरचं, निदानरेषा तीन मीटरवर; जागा आखूड झाली की साखळीचं गणित बदलतं आणि दांडग्या रक्षकाचं काम तर पूर्णच. २०२३ मध्ये हांगझोऊला भारतीय महिलांनी चायनीज तैपेईला २६-२५ असं एका गुणाने हरवून सुवर्ण परत आणलं. तो सामना बचावाच्या अंगाने पाहिला तर स्वतंत्र पुस्तकाचा ऐवज आहे. ते पुस्तक महिला प्रशिक्षकानेच लिहावं.

दोन्ही जिल्ह्यांतल्या शारीरिक शिक्षण संचालकांना आणि खेळाडूंना एक विनंती. येत्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आपल्या संघाची अशी एक वही ठेवा, हंगाम संपल्यावर ती शेजारच्या महाविद्यालयाला वाचायला द्या, आणि विद्यापीठाच्या निवडचाचणीला जाताना सोबत घेऊन जा.